बेवारस बॅग आणि दारात लटकलेला माणूस

खारीगावकर (धागाकर्ता)
१९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४२

काल सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल.

कळव्याहून नेहमीची धीमी लोकल. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीचा स्फोट होऊन आठवडा झालेला. ठाण्याच्या फलाटावर श्वानपथक फिरत होतं आणि प्रत्येकाच्या फोनवर "लोकलने जाऊ नका" छापाचे फॉरवर्ड. मुलुंड सुटलं, नाहूरच्या आधी गाडी सिग्नलला थांबली. वर रॅकवर एक काळी सॅक होती. कुणीतरी विचारलं, "ही बॅग कुणाची?" कुणी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं, मोठ्याने. तरी नाही. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो प्रश्न नव्हता, किंकाळी होती.

पुढच्या दहा सेकंदांत डब्यातली माणसं दोन्ही दारांतून खाली उड्या मारायला लागली. मीसुद्धा. मी ज्या बाजूने उतरलो तिकडे शेजारचा रूळ होता आणि त्यावरून जलद गाडी येत होती. तिचा हॉर्न अजून कानात आहे. एका दादांनी माझी कॉलर धरून मागे ओढलं. आम्ही पंधरा-वीस जण दोन गाड्यांच्या मधल्या पट्टीत डब्याला चिकटून उभे राहिलो आणि ती गाडी आमच्या पाठीवरून वारा मारत निघून गेली. कुणाला काही झालं नाही, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

बॅगेत डबा होता, पाण्याची बाटली आणि एक छत्री. ती ज्याची होती तो पंचविशीचा मुलगा दारात लटकत होता. कळव्याला चढताना त्याने बॅग आत दिली, आतल्या कुणीतरी ती रॅकवर टाकली, आणि तो स्वतः एका हाताने दांडी धरून बाहेर. कानात वारा, त्याला आतलं काही ऐकूच आलं नाही. सगळे आपण असंच करतो, बॅग आत आणि आपण बाहेर.

रात्री घरी सगळं सांगितलं. आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, नातीला महिनाभर लोकल नको. माझी लेक एकोणीस वर्षांची आहे, नेरुळच्या कॉलेजात जाते, कळवा–ठाणे–नेरुळ. मीही मान डोलावली आणि स्कूटरची चावी तिच्या हातात दिली. आज सकाळी ती विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून निघून ठाणे-बेलापूर रस्त्याने गेली, ट्रेलर आणि टँकरच्या मधून. ती पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी कार्यालयात काही काम केलं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला आता बॉम्बची भीती वाटत नव्हती, टँकरची वाटत होती.

मग दुपारी आकडे शोधत बसलो. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट, १८० हून अधिक मृत्यू. २६/११ ला १६६. ऑगस्ट २००३ चे गेटवे आणि झवेरी बाजार, मार्च २००३ चा मुलुंडचा लोकलमधला स्फोट, जुलै २०११ चे तीन स्फोट, हे सगळं धरून बत्तीस वर्षांत सातशेच्या आसपास. आणि मुंबई उपनगरी रेल्वेवर? वर्षाला सुमारे अडीच हजार. २०२३ मध्ये २५९०, २०२४ मध्ये २४६८. म्हणजे बत्तीस वर्षांत दहशतवाद्यांनी जेवढी माणसं मारली, तेवढी आपल्या रुळांवर साडेतीन महिन्यांत मरतात. रस्त्यांचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जण रस्त्यावर गेले आणि त्यातले ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

तरी माझी आई आयुष्यभर रोज मला दारात उभा राहू नको असं एकदाही म्हणाली नाही. बॅगेची मात्र तिला धास्ती. मी तिला दोष देत नाही, मीच उडी मारली. मला खरंच विचारायचंय, तुम्ही घरच्यांसाठी असे निर्णय कसे घेता? आणि लेकीला काय सांगू?

---

घणसोलीची
१९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

दादा, आधी तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जीवात जीव आला. ज्यांनी कॉलर धरली त्यांना माझाही नमस्कार.

मुलीला स्कूटर देऊच नका. तो रस्ता मी रोज बघते. रबाळे ते तुर्भे पट्ट्यात अवजड गाड्या लेन सोडून येतात आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे अजून बुजलेले नाहीत. लेडीज डब्यात आम्ही असतो, तिला बसायला जागा देऊ.

---

तलावपाळी
१९ नोव्हेंबर, रात्री ११:३१

खारीगावकर, तुमचा प्रसंग वाचला, पण आकड्यांच्या तुलनेशी मी सहमत नाही.

४ जून २००८. गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, सात जण जखमी झाले. आमचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. त्याच्या चार दिवस आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता आणि तो निकामी केला. कुणी दगावलं नाही, म्हणून तुमच्या यादीत तो कुठेच येत नाही. तुमच्या हिशेबाने गडकरीचा स्फोट शून्य आहे. पण त्यानंतर वर्षभर आमच्या आईने नाटकाचं तिकीट काढलं नाही. जी बाई दर शनिवारी जायची! शून्य माणसं मेली आणि तरी एक गाव आपल्याच नाट्यगृहाला घाबरलं, हा परिणाम कुठल्या रकान्यात लिहायचा?

अपघात होतो. हल्ला कुणीतरी बसून, ठरवून, आपल्याला मारायला करतो. रुळावर जो गेला त्याच्याबद्दल दुःख होतं, पण रेल्वेला आपण मरावं असं वाटत नव्हतं. हा फरक माणसाला कळतो, आणि तो कळणं म्हणजे अडाणीपणा नव्हे.

---

येऊर
२० नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी दुरुस्ती. खारीगावकर, तुम्ही अंश दिलात, छेद दिला नाहीत.

उपनगरी रेल्वेवर दिवसाला साधारण ७५ लाख प्रवास होतात, वर्षाला २७० कोटींच्या वर. अडीच हजारांनी भागा, म्हणजे दर दहा-अकरा लाख प्रवासांमागे एक मृत्यू. शिवाय त्या मृतांतले जवळपास निम्मे रूळ ओलांडताना गेलेले आहेत. तुमची लेक पूल चढून जात असेल आणि दारात उभी राहत नसेल तर तिचा वाटा याहून कितीतरी कमी. लोकल मुळात सुरक्षित वाहन आहे. तिला मारक बनवतात त्या दोन-तीन सवयी आणि गर्दी.

दहशतवादाचा छेद घ्या. बत्तीस वर्षांत सातशे म्हणजे सरासरी वर्षाला बावीस. महामुंबईत दोन कोटींहून अधिक लोक. वर्षाला दहा लाखांत एकाच्या आसपास. जुलै २०११ नंतर तर मुंबईत मोठा स्फोट झालेला नाही.

आता भीतीबद्दल. डॅनियल कानमन यांचं नाव ऐकलं असेल, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७३ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज माणूस ती किती चटकन आठवते यावरून बांधतो. स्फोटाचं चित्र डोळ्यांपुढे येतं, रोजचे सहा-सात मृत्यू येत नाहीत, कारण ते पेपरात दोन ओळींचे असतात आणि बहुतेक वेळा तेवढेही नसतात. गंमत नाही, पण हेच कानमन इस्रायलमध्ये गाडी चालवताना सिग्नलला बसशेजारी थांबायला कचरायचे. डिसेंबर २००१ ते सप्टेंबर २००४ या काळात तिथे बसमध्ये २३ आत्मघाती स्फोट होऊन २३६ लोक मेले होते, आणि रोजचे प्रवासी होते तेरा लाख. धोका नगण्य आहे हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी दिवा हिरवा झाला की ते नेहमीपेक्षा वेगाने निघायचे, आणि याची त्यांना स्वतःलाच खंत वाटायची.

स्कूटरच्या निर्णयाबद्दलही लिहितो, कारण हे आधी घडून गेलंय. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लाखो लोकांनी विमान सोडून मोटारीने प्रवास सुरू केला. गेर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढच्या बारा महिन्यांचे रस्ते-अपघात तपासले. सुमारे दीड हजारावर माणसं जास्तीची मेली होती, म्हणजे त्या चार विमानांत जेवढे प्रवासी होते त्यांच्या सहापट. त्यांच्यासाठी कुणी मेणबत्त्या लावल्या नाहीत, कारण आपण हल्ल्यामुळे मेलो हे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कधी कळलंच नाही.

चावी परत घ्या.

---

घणसोलीची
२० नोव्हेंबर, सकाळी ७:४८

सर, अमेरिकेचा परिच्छेद वाचून मी तो आमच्या डब्याच्या ग्रुपवर टाकला. आमच्यातल्या दोघी गेल्या आठवड्यापासून रिक्षा शेअर करून जातायत.

---

पाम_बीच
२० नोव्हेंबर, सकाळी ९:२२

असे धागे लोकांना गाफील करतात. ज्यांना आपल्याला मारायचंय त्यांना हेच हवं आहे, की आपण म्हणावं "टक्केवारी कमी आहे, चालू द्या".

आणि येऊर सर, तुमच्या सरासरीत मोठी चूक आहे. रुळांवर या वर्षी अडीच हजार गेले तर पुढच्या वर्षी अडीच लाख जाणार नाहीत, फार तर तीन हजार. दहशतवादाचं तसं नाही. दहा वर्षं शून्य, आणि मग एका संध्याकाळी अकरा मिनिटांत सात डबे. पुढच्या वेळी काय हातात असेल कुणी सांगावं. खड्डा विचार करत नाही, खड्डा तुमची पोलिस बंदोबस्ताची वेळ बघून जागा बदलत नाही. माणूस बदलतो. बत्तीस वर्षांची सरासरी काढून पुढच्या एका दिवसाबद्दल काही सांगता येत नाही.

---

येऊर
२० नोव्हेंबर, सकाळी १०:०३

पाम_बीच, हा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मांडायला हवा होता. मागची सरासरी पुढच्या सर्वांत वाईट दिवसाची हमी देत नाही. म्हणूनच गुप्तवार्ता, स्फोटकांवर नियंत्रण, समुद्रकिनाऱ्याची गस्त यांवर सरकारने खर्च केलाच पाहिजे, मृतांचा आकडा शून्य असतानाही.

पण तो राज्याचा प्रश्न झाला. खारीगावकरांच्या लेकीने उद्या सकाळी लोकलने जावं की स्कूटरने, हा वेगळा प्रश्न आहे. त्याला उत्तर देताना तुमचा मुद्दाही लोकलच्याच बाजूने जातो, कारण हल्ला कुठे होईल हे ठाऊक नसेल तर टँकरच्या रस्त्यावर जाऊन तो टळतो असंही नाही.

---

डोंबिवलीकरीण
२० नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

२२ एप्रिलला पहलगामला २६ जण मारले गेले. त्यातले तिघे आमच्या डोंबिवलीचे. एक पनवेलचे. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानावर मी गेले होते. त्या तिघांपैकी कुणालाही मी ओळखत नव्हते, तरी मला घरात बसवलं नाही. एवढी माणसं, आणि एवढी शांतता मी डोंबिवलीत कधी पाहिली नव्हती. चार माणसांचं कुटुंब सुट्टीला जातं, आपण सगळे जातो तसंच, तोच खेचरवाला, तोच फोटो. प्रत्येक बाई त्या ठिकाणी स्वतःला बघत होती.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एकाने म्हटलं, "सांख्यिकीदृष्ट्या काश्मीर अजूनही सुरक्षित आहे." खोटं नव्हतं ते. पण मला त्याच्याशी दोन महिने बोलावंसं वाटलं नाही.

येऊर सर, तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्या घरात सुतक आहे तिथे छेद काढून दाखवू नये. भीती आणि दुःख एकमेकांत गुंतलेलं असतं. दुःखाला वेळ दिला की भीती आपोआप थोडी उतरते. मला तरी तसा अनुभव आला. मे महिन्यात आम्ही ठरलेली सहल रद्द केली, ऑक्टोबरमध्ये केरळला जाऊन आलो. विमानतळावर हात थरथरले, पण गेलो.

---

तलावपाळी
२० नोव्हेंबर, दुपारी १:४०

ताई, मला नेमकं हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट सांगितलंत.

---

रबाळे_शिफ्ट
२० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

कामावरून आलो, आत्ता वाचलं.

७ मे ला देशभर हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं, आठवत असेल. भोंगे वाजले, दिवे घालवायचे, कुठे आडोसा घ्यायचा ते सांगितलं. चांगलं झालं, व्हायलाच हवं. पण मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका रासायनिक कारखान्यात अठरा वर्षं आहे. आमच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे. गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळायचं, ओलं फडकं नाकाला लावायचं, गटारीजवळ थांबायचं नाही कारण जड वायू खाली साठतो, हे त्या वस्तीतल्या एका तरी माणसाला कुणी शिकवलंय का? अठरा वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही.

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, बारा माणसं गेली. किलोमीटरभर काचा फुटल्या. तेव्हा कारखाने हलवायची भाषा झाली. मग २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट, पुन्हा दहाच्या वर माणसं. आठ वर्षं. एवढा वेळ हातात होता. तोच स्फोट जर कुणी घडवून आणला असता तर आठ वर्षांत दुसरा होऊ दिला असता का आपण? तपास यंत्रणा बसल्या असत्या, दर वर्षी स्मरण झालं असतं, निवडणुकीत प्रश्न विचारला असता. स्फोट तोच, काचा त्याच, मेलेला कामगारही तोच. पाम_बीच म्हणतात खड्डा विचार करत नाही. बरोबर आहे. म्हणून तर त्याच्यावर उपाय करणं सोपं असायला हवं होतं.

मला राग दहशतवादाच्या बंदोबस्तावर नाही. मला राग येतो की आमच्या मरणाला शत्रू नाही म्हणून किंमत नाही.

---

खारघर_हिल
२० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

रबाळे_शिफ्ट, अगदी. १६ एप्रिल २०२३ ला आमच्या खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला उन्हात बसून चौदा जण गेले. आज त्या मैदानावरून जाताना किती जणांना आठवतं?

---

पारसिक
२० नोव्हेंबर, रात्री ९:१२

खारीगावकर दादा, मी मुंब्र्याचा. तुमच्या पुढचंच स्टेशन. जन्म इथला, शिक्षण मराठी माध्यमातून. मुसलमान आहे, दाढी आहे.

तुमच्या डब्यात परवा ती बॅग माझी असती तर काय झालं असतं, हे वाचल्यापासून मनात चाललंय. मी पण बॅग आत देतो आणि दारात लटकतो. मुंब्र्याला आत शिरायला मिळतंच कुठे! त्या मुलाला तुम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या असतील आणि सोडून दिलं असेल. मला सोडलं असतं का, ते मला माहीत नाही. ठाण्याच्या फलाटावर तपासणी सुरू झाली की दहा जणांतून मला बाजूला घेतात. आता मी स्वतःच चेन उघडून पुढे करतो, वेळ वाचतो. पोलिसांवर माझा राग नाही, ते त्यांचं काम करतात, बहुतेक जण "भाऊ, सॉरी" म्हणतात. पण २०१९ ला घोडबंदर रोडला भाड्याने घर बघत होतो तेव्हा तीन ठिकाणी टोकन द्यायच्या वेळी नाव विचारलं आणि घर "आत्ताच गेलं". माझ्या बायकोला दुसऱ्या घराचा ओटा फार आवडला होता.

आता माझ्या भीतीचं सांगतो. ९ जून २०२५, सोमवार. मुंब्रा आणि दिव्याच्या मधलं वळण. दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चौघे त्याच दिवशी गेले. मी त्या दिवशी पंधरा मिनिटं मागच्या गाडीत होतो. त्या वळणावर अजूनही रोज माझं पोट आत जातं आणि शेजारचा माणूस माझ्या पट्ट्याला धरतो. अनोळखी असतो. त्याने माझं नाव विचारलेलं नसतं.

आणि ४ एप्रिल २०१३, शीळफाट्याची लकी कंपाउंडची इमारत. बेकायदा, काही महिन्यांत उभी केलेली, वर काम चालू असताना खाली माणसं राहायला. ७४ मृत्यू. त्यात किती लहान मुलं होती! मी तेव्हा कॉलेजात होतो, ढिगाऱ्यावर रात्रभर पाटी उचलत होतो. मुंब्रा म्हटलं की लोकांना भीती वाटते. आम्हालाही मुंब्र्यात भीती वाटते, स्लॅबची.

२००६ च्या स्फोटांच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरायला स्थगिती दिली आहे, ते प्रकरण पुढे चालेल. मला त्यावर मत द्यायचं नाही. पण एकोणीस वर्षं झाली. ज्यांची माणसं डब्यात गेली त्यांना अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही की हे कुणी केलं. घाबरलेल्या लोकांना घाईघाईने उत्तर पाहिजे असतं, ते कसंही दिलं जातं. नुकसान त्यांचंही होतं.

---

खारीगावकर
२० नोव्हेंबर, रात्री ९:४०

पारसिक भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या मुलाला शिव्या पडल्या, दोन थपडाही पडल्या आणि सोडलं. तुम्ही विचारलंत ते मी डोळ्यांपुढे आणून बघितलं. मला उत्तर "नाही" असंच दिसतं. याबद्दल तुम्हाला काय लिहू कळत नाही. मी त्या डब्यात होतो आणि घाबरलेल्यांपैकीच एक होतो.

---

पाम_बीच
२० नोव्हेंबर, रात्री १०:१८

पारसिक, माझा प्रतिसाद वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल तर तो हेतू नव्हता. सावध राहावं या मतावर मी ठाम आहे. पण नाव ऐकून घर नाकारणं ही सावधगिरी नव्हे, हे मी स्पष्ट लिहितो.

---

निवृत्त_हवालदार
२१ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

लोहमार्ग पोलिसांत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच ठाणे आणि कल्याणला. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. धोका कमी आहे म्हणता, तो काही आपोआप कमी नाही. रोज पहाटे पहिल्या गाडीआधी कुत्रा फिरतो, बॉम्बशोधक पथक फिरतं, बेवारस सामानाचे फोन येतात आणि प्रत्येक फोनला जावंच लागतं. शंभरातल्या शंभर बॅगांत डबे आणि कपडेच निघतात. तरी एकशे एकाव्याला तसंच वाकावं लागतं. तेव्हा फोन करायला लाजू नका. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ किंवा रेल्वेचा १३९.

पण कसं वागायचं ते नीट ऐका. बॅगेला हात लावायचा नाही, रॅकवरून काढायची नाही, खिडकीतून फेकायची तर अजिबात नाही. आधी डब्यात विचारायचं, आणि दारातल्या माणसांच्या पाठीवर हात मारून विचारायचं, कारण बॅग बहुतेक वेळा त्यांचीच असते. गाडी चालू असेल किंवा मध्येच उभी असेल तर उतरायचं नाही. बॅगेपासून जमेल तेवढं सरका, फोन करा, पुढच्या फलाटाला फलाटाच्याच बाजूने उतरा. खारीगावकर, तुम्ही उलट्या बाजूने उडी मारलीत. बॉम्ब नसताना पंधरा-वीस जणांचे पंचनामे झाले असते आणि ते मला किंवा माझ्यासारख्यालाच करावे लागले असते.

२६/११ ला सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे जागेवरून हलले नाहीत. माईकवरून लोकांना सांगत राहिले की या बाजूला येऊ नका, मागच्या दाराने बाहेर पडा. त्यांनी किती जीव वाचवले त्याची मोजदाद नाही. भीतीच्या वेळी माणसाला कुठे जायचं एवढं कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट. नोकरीत मी स्फोटाच्या ठिकाणी एकदा गेलो, मार्च २००३, मुलुंड. ते विसरणार नाही. पण अकस्मात मृत्यूच्या नोंदी मी किती केल्या ते मोजणं सोडून दिलं होतं. स्टेशन मास्तरचा मेमो येतो, हमाल आणि स्ट्रेचर घेऊन रुळाने चालत जायचं, खिसे तपासायचे, पास सापडला तर नाव कळतं. फोन वाजत असतो खिशात. "घर", "मम्मी", असं नाव येत असतं पडद्यावर. तो फोन उचलायचं काम मी कधी शिपायावर टाकलं नाही, स्वतः उचलला. मुलुंडच्या घरच्यांकडे मंत्री आले, पत्रकार आले. या घरांकडे फक्त मी गेलो.

कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये कुंपणाची भिंत जिथे फोडलेली आहे तिथून सर्वांत जास्त उचलले. एकाच भोकातून. बुजवली की आठ दिवसांत पुन्हा फुटते, कारण पूल लांब आहे आणि माणसाला सात मिनिटं वाचवायची असतात.

---

डोंबिवलीकरीण
२१ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

काका, तुम्हाला नमस्कार. "फोन वाजत असतो" इथे थांबले.

---

येऊर
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

हवालदार काकांच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असायचं कारणही नाही. ते बरोबर आहेत.

एक भर घालतो. रेल्वेवरचे मृत्यू पूर्वी आजच्यापेक्षा बरेच जास्त होते. पूल, सरकते जिने, कुंपण, उंच केलेले फलाट, रुग्णवाहिका यांमुळे ते खाली आले. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली. मे २०२४ च्या अखेरीस ठाण्याचा पाच नंबरचा फलाट तीन दिवस ब्लॉक घेऊन रुंद केला, तेव्हा सगळे वैतागले होते, आज तिथे चेंगरत नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर बंद दारांच्या बिगर-वातानुकूलित गाड्यांची घोषणा झाली आहे. म्हणजे हे नशिबावर सोडण्यासारखं मुळीच नाही. लोक मागे लागले तिथे ते कमी झालंय.

---

खारीगावकर
२१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आज सकाळी आईला शेजारी बसवून हवालदार काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. मी निघताना मात्र दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आत उभा राहा रे." आजवरच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

लेक आज लोकलने गेली. ठाण्याला घणसोलीच्या ताई भेटल्या म्हणे. मी स्वतः दोन गाड्या सोडल्या आणि तिसरीत आत शिरलो. कार्यालयात वीस मिनिटं उशीर, साहेबांना सांगून टाकलं की आता रोज होईल.

काका, ते भोक नक्की कुठे? मी खारीगाव फाटक बंद झाल्यापासून तिकडून जात नाही, पण आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं जातात.

---

निवृत्त_हवालदार
२२ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

मुंब्र्याच्या दिशेला, सिग्नलच्या खांबाच्या अलीकडे, निळ्या पत्र्याच्या शेडमागे. नुसतं बुजवा म्हणून अर्ज करू नका, तसे मीच ढीगभर पाठवले. तिथे पादचारी पूल मागा. किती माणसं सकाळी सात ते दहा ओलांडतात ते मोजून लिहा, नाहीतर फाईल हलत नाही.

---

येऊर
२२ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

मोजणी मी करून देतो. दर पंधरा मिनिटांनी नोंद, वेगवेगळे तीन दिवस, दोन्ही दिशा. माझे चार विद्यार्थी येतील. रुळाच्या बाहेर उभं राहूनच मोजायचं.

---

पारसिक
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

पलीकडची बाजू माझ्याकडे. तिथल्या मशिदीच्या गल्लीतून किती माणसं येतात ते मला पाठ आहे, तरी मोजू. भिंत किती फुटलीय ते मापून फोटोही जोडू.

---

पाम_बीच
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

मी वाशीहून येईन. माहितीच्या अधिकारात त्या पट्ट्यातले पाच वर्षांचे मृत्यू मागवायचा अर्ज लिहून आणतो.

---

खारीगावकर
२२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मग उद्या रविवारी नुसती जागा बघून घेऊ, मोजणी सोमवारपासून. साडेसातला कळवा पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी. टेप मी आणतो.